रात्री उणे २ होतं, तरी बर्फ गोठला का नाही?

पायवाट_७: गेल्या आठवड्यात खिंडीखाली तंबू टाकला होता. झोपताना आणि उठल्यावर, दोन्ही वेळा थर्मामीटर उणे २. म्हणून पहाटे ५ ला बिनधास्त निघालो. दहा पावलांत घोटा आत, मग थेट गुडघा. जोडीदार म्हणाला, मागे फिर. फिरलो, पण पटलं नाही. शून्याखाली असून बर्फ एवढा भुसभुशीत कसा?

जुना_दोर: रात्री आभाळ कसं होतं?

पायवाट_७: गच्च. एक चांदणी दिसली नाही.

जुना_दोर: मग मेख तिथेच आहे. दिवसा ओला झालेला बर्फाचा वरचा थर रात्री आपली उष्णता आकाशात सोडतो आणि पुन्हा गोठतो. ढगांची गोधडी पडली की ती उष्णता परत खाली येते. उलट आभाळ निरभ्र, हवा कोरडी असेल तर हवेत २-३ अंश असतानाही वर कडक पापुद्रा धरतो. मी तंबूबाहेर आलो की आधी वर बघतो, मग काठी आपटतो. ‘टक्’ वाजली तर बूट चढवतो, ‘खस्स’ झालं तर परत स्लीपिंग बॅगेत. आकडा शेवटी. आणि ‘टक्’ वाजली तरी पापुद्रा फोडून बघाच. खाली रव्यासारखा सुटा, ओला बर्फ असेल तर तो पापुद्रा ऊन येताच जाणार.

सावलीकडचा: उत्तर गोलार्धात ऊन आधी पूर्वेचा उतार मऊ करतं, मग दक्षिणेचा, दुपारी पश्चिमेचा. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले की हिमस्खलनाची ती खूण समजा; घड्याळ बघत बसू नका, बाजूला व्हा. फक्त उत्तरेकडच्या सावलीत हे गणित लावू नका. तिथे हिवाळ्यातला कोरडा, कच्चा थर अजून दबा धरून असू शकतो.

जुना_दोर: बरोबर. आणखी एक, बर्फाचा लोट बहुधा जिथून सुटतो तो ३० ते ४५ अंशांचा उतार पायाखालीच असायला हवा असं नाही. तुम्ही सपाटीवर असाल आणि तो डोक्यावर असेल, तरी लोट तुमच्यापर्यंत येतो. तुमची वाट कुठून होती?

पायवाट_७: सपाटीवरूनच. पूर्वेकडे तोंड असलेल्या उताराच्या अगदी पायथ्याने. साडेनऊला तो सुटला, आम्ही तंबू गुंडाळत होतो.

जुना_दोर: जोडीदार बदलू नका.