लंडनहून न्यू जर्सीला जाताना विमान नक्की कुणाचं?

प्रेषक: अनघा (रेडिंग)
विषय: सासूबाईंना घेऊन एडिसनला जायचंय, कुठली एअरलाइन?

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये नणंदेच्या मुलाची मुंज आहे, न्यू जर्सीत, एडिसनला. (चातुर्मासात मुंज कशी, हे मला विचारू नका. शाळेच्या सुट्ट्या बघून काढीव मुहूर्त धरलाय.) आम्ही चौघं: मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. त्या सध्या आमच्याकडेच आहेत. पासपोर्ट भारतीय, अमेरिकेचा व्हिसा आहे, ब्रिटनचाही अनेक फेऱ्यांचा आहे. गुडघ्यांमुळे व्हीलचेअर लागेल आणि चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य.

तिकिटं बघायला बसले आणि डोकं फिरलं. एकच विमान, सुटायची वेळ तीच, पण तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाखाली तीन वेगवेगळ्या किमतींना. नवरा म्हणतो सगळ्यात स्वस्त ते घेऊन मोकळी हो. सासूबाई म्हणतात एअर इंडिया का नाही? ज्यांचं नेहमी जाणं-येणं असतं त्यांनी कृपया सांगा.

अनघा

---

प्रेषक: शरदकाका (हॅरो)

अनघा,

सासूबाईंना हसू नकोस. एअर इंडियाचं बोइंग ७०७ १४ मे १९६० पासून लंडनमार्गे न्यूयॉर्कला जायला लागलं, आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी लंडन-न्यूयॉर्क एवढाच तुकडा त्यातून केला आहे. पोळीभाजी मिळायची, आणि शेजारी कुणीतरी ओळखीचं निघायचंच. २०१६ मध्ये अहमदाबाद-लंडन-नेवार्क असंही त्यांनी सुरू केलं होतं. कुवेत एअरवेज हीथ्रोहून न्यूयॉर्कला न्यायची, एअर न्यूझीलंड २०२० पर्यंत लॉस एंजेलिसला. असे तिसऱ्याच देशाचे पर्याय एकेक करून गेले.

एक काळ असा होता की ह्या दोन देशांच्या कंपन्यांपैकी हीथ्रोहून अमेरिकेला जायला चारच कंपन्यांना परवानगी होती, दोन ब्रिटिश आणि दोन अमेरिकन. १९७७ चा बर्म्युडा करार. बाकीच्यांनी लंडनच्या दुसऱ्या विमानतळावर, गॅटविकला जायचं. व्हर्जिनचं पहिलं विमान १९८४ साली उडालं तेही गॅटविकहूनच, आणि गेलं कुठे तर तुझ्या एडिसनजवळच्या नेवार्कला! मार्च २००८ मध्ये ते कुंपण काढलं, तेव्हा आम्हाला वाटलं आता स्पर्धा होईल आणि भाडी कोसळतील. झालं उलटंच. ब्रिटिश एअरवेज आणि अमेरिकन यांनी २०१० पासून अटलांटिकवरचा धंदा एकत्र केला. व्हर्जिनमध्ये डेल्टाचा ४९ टक्के वाटा आहे. युनायटेडचं लुफ्तान्साशी साटंलोटं. त्यामुळे पडद्यावर नावं दहा दिसली तरी दर ठरवणारे एकत्रच बसतात. एकाच विमानाची तीन नावं तुला दिसली ती त्यामुळे.

माझं मत विचारशील तर सरळ जाणारं घे आणि जास्त चिकित्सा करू नकोस.

शरदकाका

---

प्रेषक: मंजिरी (स्लाव)

> सरळ जाणारं घे आणि जास्त चिकित्सा करू नकोस

काका, माफ करा, पण चिकित्सा करायलाच हवी. फक्त ती कंपनीच्या नावाची नको.

अनघाताई, तिकिटाच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की उड्डाण प्रत्यक्षात कोण चालवतंय. आधी ते वाचा, मग किंमत बघा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असा प्रकार असतो. वर एका कंपनीचं बोधचिन्ह, खाली विमान, कर्मचारी, जेवण सगळं दुसरीचं. एरवी त्यानं फारसं बिघडत नाही, पण गाडी रुळावरून घसरली की सगळं त्यावरच ठरतं.

कसं ते सांगते. ब्रिटनमध्ये उशिराच्या भरपाईचा जो कायदा आहे (युरोपच्या २६१ क्रमांकाच्या नियमाचा ब्रिटिश अवतार), त्याप्रमाणे साडेतीन हजार किलोमीटरच्या वरच्या प्रवासात विमान कंपनीच्या दोषामुळे चार तास किंवा जास्त उशिरा पोचलात तर माणशी ५२० पौंड मिळतात. तीन ते चार तास असेल तर निम्मे. तुम्हा चौघांचे २०८० पौंड, म्हणजे गंमत नाही. वादळ, हवाई नियंत्रकांचा संप असलं कारण असेल तर नाही. पण विमानात नेहमीचा तांत्रिक बिघाड झाला हे कारण चालत नाही, आणि वैमानिक आजारी पडला हेही नाही. ते २०२४ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं स्पष्टच सांगितलं.

आता मेख. ब्रिटनहून निघताना हा कायदा सगळ्यांना लागू, विमान कुणाचंही असो. पण अमेरिकेहून परत येताना फक्त ब्रिटिश किंवा युरोपीय कंपनी विमान चालवत असेल तरच. म्हणजे नेवार्कहून येणारं ब्रिटिश एअरवेजचं विमान पाच तास रखडलं तर भरपाई मिळेल. तेवढंच युनायटेडचं रखडलं तर ह्या कायद्यानं छदाम नाही. न्यूयॉर्कहून येणारं डेल्टा, अमेरिकन, जेटब्लू, सगळ्यांचं तेच. आणि तिकीट ब्रिटिश कंपनीच्या साइटवर काढलं असलं तरी विमान अमेरिकन भागीदाराचं असेल तर लागू नाही. अमेरिकेच्या नियमात उशिराबद्दल रोख भरपाई हा प्रकारच नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात सहा तासांच्या वर उशीर झाला आणि तुम्ही प्रवासच नको म्हणालात तर पैसे परत, एवढंच.

मी ह्यातून गेले आहे. बॉस्टनहून परतताना रात्रभर विमानतळाच्या गालिच्यावर बसून काढली. इथे येऊन अर्ज केला तर तिकीट विकणाऱ्यानं विमान चालवणाऱ्याकडे बोट दाखवलं आणि चालवणाऱ्यानं सांगितलं, आम्हाला हा कायदा लागूच नाही. आणि खरोखरच नव्हता! तेव्हापासून मी जाताना कुणाचंही विमान घेते, येताना मात्र बघून.

जेवणाचंही तेच. जैन जेवणासाठी व्हीजेएमएल असा संकेत असतो, त्यात कांदा-लसूण नसतं. एशियन व्हेज म्हणजे एव्हीएमएल घेतलंत तर कांद्याची हमी नाही. पण तिकीट एकीचं आणि विमान दुसरीचं असेल तर ही नोंद पुढे पोचलीच असेल असं धरू नका. जी विमान चालवते तिला फोन करून खात्री करा. व्हीलचेअरचंही तसंच, निदान ४८ तास आधी. पैसे पडत नाहीत.

बसायच्या जागेबद्दल. चौघं आहात तर रांगेची मांडणी बघा. ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७७७ मध्ये एका रांगेत तीन-चार-तीन, म्हणजे दहा माणसं, कोपराला कोपर. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये तीन-तीन-तीन. व्हर्जिन आणि डेल्टाच्या ए३३० मध्ये दोन-चार-दोन. युनायटेडची काही विमानं अजून ७६७ आहेत, त्यांत दोन-तीन-दोन. सासूबाईंना आतल्या बाजूला कुणालाही ओलांडून जावं लागू नये, तुम्ही शेजारी, असं दोन खुर्च्यांच्या बाजूला जमतं. शिवाय ७८७ आणि ए३५० मध्ये आतला हवेचा दाब सहा हजार फुटांवरच्या इतका ठेवतात, जुन्या विमानांत आठ हजारांच्या आसपास. वयस्कर माणसाला हा फरक जाणवतो. माझ्या वडिलांना जाणवला.

प्रीमियम इकॉनॉमीचा मोह होत असेल तर आधी कराचं गणित मांडा. १ एप्रिल २०२६ पासून ब्रिटनहून अमेरिकेला जायचा प्रवासी कर इकॉनॉमीत १०२ पौंड आणि त्यावरच्या कुठल्याही वर्गात २४४. सोळा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे, पण इकॉनॉमीतच. म्हणजे चौघं इकॉनॉमीत असाल तर ३०६ पौंड, चौघं प्रीमियममध्ये तर ९७६. भाड्यातला फरक वेगळाच. सासूबाई आणि तुमच्यापैकी एकजण पुढे, बाप-लेक मागे, हे जमण्यासारखं आहे.

मंजिरी

---

प्रेषक: मिलिंद (एडिसन, पूर्वी हाउन्स्लो)

अनघावहिनी,

ह्या यादीवर मी अजून आहे ते असल्याच प्रश्नांसाठी. एअरलाइन राहू दे बाजूला, आधी विमानतळ ठरवा. एडिसनला यायचं तर नेवार्क. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावर उतरलात तर बेल्ट पार्कवे, मग व्हेराझॅनो पूल, मग अख्खं स्टेटन आयलंड, मग गोथल्स पूल, टोल भरत भरत, आणि संध्याकाळी पोचणारं विमान असेल तर सगळं न्यूयॉर्क त्याच वेळी घरी निघालेलं असतं. सासूबाई मागच्या सीटवर विचारत राहतील, "आलं का रे?" नेवार्कहून माझ्या घरी अर्ध्या तासात वरणभात. कुणी न्यायला नसेल तर विमानतळाच्या स्टेशनवरून मेट्रोपार्कला न्यू जर्सी ट्रान्झिटची सरळ गाडी आहे, पण व्हीलचेअर आणि आठ बॅगा असताना तो उद्योग नको.

नेवार्कला हीथ्रोहून सरळ येणारे म्हणजे ब्रिटिश एअरवेज आणि युनायटेड. व्हर्जिन जेएफकेला. खरं सांगायचं तर नेवार्कची अब्रू २०२५ मध्ये चांगलीच गेली. धावपट्टीचं काम चालू, त्यात नियंत्रण कक्षाची रडारच बंद पडली, रोज उड्डाणं रद्द. नंतर विमानांची संख्या आवरून धरल्यावर बरंच सुधारलं.

एक गोष्ट मात्र नेवार्कच्या विरुद्ध जाते. परतीचं रात्रीचं विमान छळ आहे. पश्चिमेचा वारा पाठीशी असतो म्हणून साडेसहा तासांत पोचवतात. (फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर एक ७४७ न्यूयॉर्कहून चार तास छप्पन्न मिनिटांत हीथ्रोला पोचलं होतं!) जेवण, दिवे बंद, डोळा लागतोय तोच दिवे चालू आणि नाश्ता. त्यापेक्षा सकाळी निघून रात्री लंडनला पोचणारं विमान लाख पटीनं बरं, आपल्या गादीवर झोपता येतं. पण ती सकाळची विमानं मुख्यतः जेएफकेहून. म्हणजे एडिसनहून पहाटे चारला निघा. बघा बुवा.

आणि खाऊ आणाच, पण उतरताना सांगा. लाडू, चकली, मेतकूट, भाजणी ह्याला कुणी हरकत घेत नाही, लपवलंत तर दंड. ताजी फळं, कढीपत्ता आणू नका. जाताना इथल्या ओक ट्री रोडवरून पेढे-बर्फी घेऊन जायचा विचार असेल तर तो सोडा, अमेरिकेतून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत.

मिलिंद

---

प्रेषक: अनघा (रेडिंग)

मंजिरी, मिलिंदभावजी, काका, सगळ्यांचे आभार. अजून एक. ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं की डब्लिनमार्गे जा, अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं आणि तो प्रवासी करही वाचतो. खरं का?

---

प्रेषक: मंजिरी (स्लाव)

अर्धं खरं. डब्लिन आणि शॅननला अमेरिकेचे अधिकारी बसलेले असतात, तिथूनच शिक्का मिळतो आणि पलीकडे उतरलं की थेट बॅगा घेऊन बाहेर. रांग वाचते हे खरंच मोठं सुख आहे.

कर मात्र वाचत नाही. एकाच तिकिटावर लंडन-डब्लिन-न्यूयॉर्क काढलं तर तो शेवटच्या मुक्कामावर लागतो, म्हणजे पूर्ण १०२. दोन वेगळी तिकिटं काढली तर बराचसा वाचतो, पण मग पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर कुणी विचारणार नाही. व्हीलचेअर घेऊन असला जुगार मी खेळणार नाही. आणि सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय आहे, तेव्हा आयर्लंडचा व्हिसा लागेल का हे तिकिटाआधी बघावं लागेल. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना हा ताप नाही.

अगदी स्वस्तात जायचं तर गॅटविकहून नॉर्स आहे, तुम्हाला रेडिंगहून गॅटविकला सरळ गाडीही आहे. पण बॅग, जेवण सगळ्याचे वेगळे पैसे, आणि विमानं मोजकी. एक रद्द झालं तर पुढचं कधी? ब्रिटिश एअरवेजची न्यूयॉर्क परिसराला दिवसाला अनेक विमानं आहेत, एक गेलं तर दुसऱ्यात बसवतात. मुंजीसारखी तारीख पक्की असेल तेव्हा मी तरी त्या गोष्टीचे पैसे मोजते.

---

प्रेषक: अनघा (रेडिंग)

काढली तिकिटं. जाता-येता ब्रिटिश एअरवेज, हीथ्रो-नेवार्क, दोन्हीकडे विमानही त्यांचंच. बारीक अक्षरं नवऱ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. सकाळचं परतीचं विमान सोडून दिलं, पहाटे चारला सासूबाईंना उठवायची कुणाची छाती नाही. प्रीमियम फक्त त्यांना आणि मला. नवऱ्यानं कराचा आकडा बघितल्यावर स्वतःहून मागे बसायची तयारी दाखवली. हातातली बॅग २३ किलोपर्यंत चालते म्हणाले, स्वतः उचलून वर ठेवता आली तर. व्हर्जिनच्या इकॉनॉमीत ती मर्यादा १० किलो. भाजणीचा प्रश्न सुटला.

फोनवर व्हीजेएमएल आणि व्हीलचेअर दोन्हीची खात्री करून घेतली. मिलिंदभावजी, बटूसाठी पळसाचा दंड इथून आणला तर लाकूड म्हणून कस्टम्सला दाखवावा लागेल. तिकडे कुणाच्या घरी मागच्या मुंजीतला असेल तर विचारून ठेवाल का?

अनघा