प्रतिसाद: गर्भाशयाच्या बायोप्सीनंतरचं ब्लीडिंग
'दोन दिवसांत सगळं थांबतं' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते ओपीडीत बारीक नळीने गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासणीसाठी घेतात, त्या बायोप्सीला बहुतेक वेळा लागू पडतं. पण काहींना आठवडाभरही हलके डाग, तपकिरी स्राव दिसतो, आणि तेवढ्याने घाबरायचं कारण नसतं. भूल देऊन क्युरेटिंग (अस्तर खरवडून काढणं) केलं असेल तर थोडं जास्त दिवस चालू शकतं. दोन्हींचे अनुभव एकाच धाग्यात सरमिसळ झालेत, म्हणून वाचणारीचा गोंधळ उडतो.

एक गोष्ट इथे कुणीच लिहिली नाही. माझ्या जावेला बायोप्सीनंतर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या. स्राव थांबला, गोळ्यांचा कोर्स संपला आणि काही दिवसांनी एकदम पाळीसारखं सुरू झालं. घरात सगळ्यांना वाटलं जखम उघडली! (सासूबाईंनी तर पपईवर खापर फोडलं.) प्रत्यक्षात या गोळ्या बंद केल्यावर साधारण आठवडाभरात असा रक्तस्राव येणं अपेक्षितच असतं. गोळ्या लिहून देतानाच हे सांगायला हवं, पण ओपीडीच्या गर्दीत राहून जातं. तुम्हीच विचारून घ्या. मात्र तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि दोन तास तसंच चाललंय, ताप आहे, स्रावाला घाण वास येतोय किंवा ओटीपोटातली कळ वाढतच चाललीये, तर इथे विचारत बसू नका, थेट डॉक्टरांना गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने ती बंद करू नका.