मशरूमचा उपचार, शिकलेला गाईड: लहान भावासाठी विचारतो आहे

बांधीवाला, सिंदेवाही
नमस्कार मंडळी. दोन वर्षांआधी तेंदूपत्त्याच्या हंगामात आमची माय जंगलात वाघाच्या हल्ल्यात गेली. लहान भाऊ तिच्यापासून वीस पावलांवर पुडके बांधत बसला होता. तेव्हापासून तो रात्री झोपत नाही. टॉर्च घेऊन पडवीत बसतो, कुंपणातून मांजर गेली तरी सगळ्या घराला उठवतो. या वर्षी रोवणीला बांधीत उतरलाच नाही. चिखलात पाय फसले तर पळता येणार नाही, म्हणतो.

दोन डॉक्टर केले. पहिल्यांनी काय झालं हे न विचारताच चिठ्ठी लिहिली. दुसऱ्यांनी ऐकून घेतलं, गोळ्या बदलल्या, मागच्या महिन्यात एक वाढवली. जेवण सुधारलं, झोप नाही.

आता पुण्याच्या आतेभावानं अमेरिकेतल्या ओरेगॉनचा व्हिडिओ पाठवला. तिथं नशा येणारे मशरूम देऊन मनाचा उपचार करतात, कायद्यानं. मी तो तीनदा पाहिला. मशरूमपेक्षा मले तो गाईड दिसला. तो काही बोलत नाही, नुसता बाजूला बसून राहतो, मधात उठून त्या माणसाच्या पायावर घोंगडं ओढतो. माह्या भावाजवळ असं कोणी बसलंच नाही. मी तरी कुठं बसलो, मले ढोरं, धान, सोसायटीचं कर्ज.

आतेभाऊ म्हणतो टेलिग्रामवर कॅप्सूल भेटते, 9 हजार, गाईड फोनवर राहते. पावसात आम्ही वारुळावरच्या सात्या, म्हणजे रानातली आळंबी, लहानपणापासून खातो, पण हे तसं नाही एवढं समजते. पैसे भरू का?

वरुडची पोर, मुक्काम पोर्टलंड
दादा, पैसे भरू नका. मी इथे ओरेगॉनमध्येच नर्स आहे. माझ्यासोबतची एक जण तो कोर्स करून गाईड झाली, तिच्याकडून ऐकलेलं सांगते.

इथे 2020 साली लोकांनी मतदान करून हा कायदा आणला, उपचाराची केंद्रं 2023 मध्ये उघडली. कोलोरॅडो राज्याने 2022 मध्ये असंच मतदान केलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात मात्र ते अजून बंदच आहे. इथे 21 वर्षं पूर्ण झालेला कोणीही जाऊ शकतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. पण माल घरी नेता येत नाही, केंद्रातच, गाईडसमोर घ्यायचा. आधी एक बैठक फक्त बोलण्याची: घरात कोणाला वेड लागलं होतं का, कोणती औषधं चालू आहेत, घाबरलात तर हात धरलेला चालेल का. हो, हात धरायचीही परवानगी आधी घेतात. मग पाच-सहा तास गाईड जागचा हलत नाही. परत जाताना गाडी चालवू देत नाहीत. नंतर पुन्हा बसून बोलायचं असेल तर तीही बैठक होते. गाईडला 120 तासांचं शिक्षण आणि वर 40 तासांचा सराव लागतो. खर्च हजार डॉलरच्या वर, विमा देत नाही.

फोनवरचा माणूस यातलं काय करणार? भाऊ रात्री दोनला उठून जंगलाकडे धावला तर?

आणखी एक. या मशरूममधल्या सायलोसायबिन या द्रव्याचे मोठे अभ्यास मुख्यतः औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर झाले आहेत. 2022 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात 233 रुग्ण होते. एकाच वेळी दिलेल्या 25 मिलिग्रॅमने तीन आठवड्यांनी नैराश्य 1 मिलिग्रॅम दिलेल्यांपेक्षा जास्त उतरलं, पण सगळ्यांचं नाही. भावाचं दुखणं धसक्याचं दिसतं, ते वेगळं.

गोळ्यांच्या पाकिटावरची नावं लिहून पाठवा.

रानवाटा, नागपूर
मी थोडं वेगळं बोलतो. मेक्सिकोत ओआहाकाच्या डोंगरातले माझातेक लोक कायद्याआधीपासून हे मशरूम घेत आले. मशरूम देऊन उपचार करणारी मारिया साबिना तिथलीच. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ ते लिहून देऊ शकतात. आपल्याकडे एवढे लोक खचलेले असताना आपण किती वर्षं थांबायचं?

वरुडची पोर, मुक्काम पोर्टलंड
भाऊ, मारिया साबिनाही रात्रभर शेजारी बसायची, गायची. तिने ते कुरिअरने पाठवलं नाही. आपल्याकडे सायलोसायबिन एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या, यादीत आहे. पार्सल पकडलं तर या घरावर गुन्हा. इथे भारतातही अभ्यास व्हावा, हे मलाही मनापासून वाटतं. पण आज रात्री जो पडवीत बसलाय त्याचं बोलू.

समुपदेशक ताई, अमरावती
दादा, बाजूला बसणारं माणूस आपल्याकडेही तयार करता येतं. आमच्या जिल्ह्यात 30 गावांत विश्राम प्रकल्प झाला. गावातल्याच बायामाणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. आधी नैराश्यातल्या शंभरातल्या चार-पाच जणांनीच मदत घेतली होती, दीड वर्षानं सत्तावीस जणांनी. मी स्वतः एका घरी सहा वेळा नुसती बसले होते, सातव्यांदा तो माणूस बोलला.

14416 वर फोन लावा. टेलिमानस, मनाच्या आजारांसाठी सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. डॉक्टरांना "झोप येत नाही" एवढंच सांगू नका. टॉर्च, मांजर, चिखल, इथं लिहिलं तसंच सांगा. धसक्यावर बोलण्याचे वेगळे उपचार आहेत, ते कुठं होतात हे तिथंच विचारा.

बांधीवाला, सिंदेवाही
पाकीट पाहिलं. एक एस्सिटालोप्रॅम 10. मागच्या महिन्यात वाढवलेली लिथियम कार्बोनेट 300, रात्री घ्यायची.

वरुडची पोर, मुक्काम पोर्टलंड
दादा, लिथियम मागच्या 30 दिवसांत घेतलं असेल तर इथली केंद्रं दारातूनच परत पाठवतात. दोन्ही एकत्र घेऊन झटके आल्याच्या नोंदी आहेत. ती कॅप्सूल घरात येता कामा नये. आणि हे वाचून लिथियम बंदही करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. भाऊ पाणी भरपूर पितो का? उन्हात घाम जाऊन अंगात पाणी कमी झालं तर लिथियम रक्तात वाढतं. हात थरथरणं, उलट्या, जीभ जड होणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. रक्ताची तपासणी झाली का?

बांधीवाला, सिंदेवाही
तपासणी कोणी सांगितली नाही. आतेभावाले नाही म्हणून कळवलं. काल रात्री मी भावाजवळ पडवीत खाट टाकली. तीन वाजेपर्यंत तो काही बोलला नाही, मीही नाही. मग म्हणे, दादा, मायचा आवाज आला नव्हता. एवढंच. मी विचारलं नाही पुढं.

सोमवारी नेतो. रक्त उपाशीपोटी द्यायचं का?

वरुडची पोर, मुक्काम पोर्टलंड
उपाशी राहायची गरज नाही. रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. रविवारी गोळी नऊला दिली, तर सोमवारी सकाळी नऊला. खाट तिथंच राहू द्या.