टॅपिंग वाद्याच्या तारांना काय लावावे आणि कुठे लावावे?

शहापूरकर_दहातारी यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे दहा तारांची चॅपमन स्टिक आहे. ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: एमेट चॅपमन यांनी १९७४ मध्ये बाजारात आणलेल्या या वाद्यात तार छेडायची नसते, दोन्ही हातांची बोटे तार पडद्यावर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आपटतात आणि त्या आघातातूनच स्वर निघतो; यालाच टॅपिंग म्हणतात. सुरावटीच्या पाच तारा षड्ज-मध्यम अंतराने आणि खर्जाच्या पाच तारा षड्ज-पंचम अंतराने जुळवतात, आणि सगळ्यांत जाड तारा कडेला नसून मधोमध असतात. मोकळ्या तारा वाजू नयेत म्हणून नटाजवळ, म्हणजे घोडीच्या विरुद्ध टोकाला तारा जिथे टेकतात तिथे, एक मऊ पट्टी असते.

वडगावच्या विणकरांवरील एका नाटकाचे पार्श्वसंगीत मी करीत आहे. त्यासाठी मला दोन आवाज हवे आहेत: हातमागाच्या फणीचा कोरडा, आस (मागे रेंगाळणारा नाद) नसलेला ठोका आणि दुरून ऐकू येणारी, किंचित बेसूर वाटणारी घंटा. आतापर्यंत तीन गोष्टी करून पाहिल्या. तंबोऱ्याला लावतो तसा सुती धागा घोडीवर तारेखाली सरकवला, तर झंकार वाढण्याऐवजी आवाज मेला. तारांमध्ये कागदाची पट्टी विणली, तर खोलीत छान खरखर ऐकू आली. स्पीकरमधून मात्र त्यातले काहीच आले नाही. शेवटी केसांचा लोखंडी चाप चोविसाव्या पडद्याच्या आसपास तारेला लावला आणि हवी तशी घंटा मिळाली. परंतु तालमीत तो चाप घसरत थेट पिकअपच्या (तारेची हालचाल टिपून स्पीकरकडे पाठवणाऱ्या भागाच्या) चुंबकाला जाऊन चिकटला, आणि नायिकेच्या सर्वांत हळव्या वाक्यावर स्पीकरमधून तोफ उडाल्यासारखा आवाज आला. या तिन्हींमध्ये माझे नेमके काय चुकते आहे, हे जाणकारांनी सांगावे.

मिरजेचा_धागा यांचे उत्तर

आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे लावण्याचे काम चालते, त्यामुळे मी फक्त धाग्याविषयी बोलतो. आपण धागा बरोबर लावला असेल, परंतु घोडी तंबोऱ्याची नव्हती. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा पृष्ठभाग अगदी सूक्ष्म उताराने घासलेला असतो, त्यामुळे हलणारी तार त्या उतारावर दर फेरीला थोडी टेकते आणि सुटते, आणि त्या टेकण्यातून वरचे स्वर फुलतात; यालाच जवारी म्हणतात. धागा ही जवारी निर्माण करीत नाही. ती आधीच घासून तयार केलेली असते, धागा फक्त तार नेमकी कुठून सुटावी ती जागा ठरवतो. आपल्या वाद्याच्या घोडीवर तार एका अरुंद धारेवर बसते. तिथे धाग्याला टेकवायला उतारच नाही, म्हणून तो केवळ गादीचे काम करतो.

उतार आपणच द्यावा. बाद झालेल्या बँक कार्डातून बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून तो घोडीच्या आतल्या बाजूस, म्हणजे पडद्यांकडे, तारेखाली बसवावा. घोडीकडची त्याची कड तारेला जेमतेम शिवावी आणि पडद्यांकडची कड केसभर खाली राहावी. त्यासाठी वरची बाजू बारीक पॉलिश कागदावर घासावी, आणि दर दोन-चार घासांनंतर तार वाजवून पाहावी. घाई केली तर तुकडा वाया जातो, हे माझ्या वडिलांचे वाक्य मी लहानपणी रोज ऐकले आहे. टॅपिंगमध्ये तारेचे हेलकावे छेडण्यापेक्षा लहान असतात, म्हणून फट तंबोऱ्याहूनही कमी लागेल. जवारी उघडली की मग धागा लावा. आता तो आपले खरे काम करील. तार घोडीच्या थोडी अलीकडूनच सुटू लागल्यामुळे वरच्या पडद्यांवर स्वर किंचित चढतील, तेवढी घोडी मागे घ्यावी लागेल.

आपल्या भागातल्या पावसाळ्यात सुती धागा ओल धरतो आणि संध्याकाळपर्यंत जवारी बदलते. प्रयोगाच्या आधी नवा कोरडा धागा घ्यावा.

उद्यमबाग_कातारी यांचे उत्तर

मिरजेच्या उत्तरात भर घालण्यासारखे काही नाही. कागद आणि चाप यांविषयी लिहितो.

कागदाचे कारण सोपे आहे. चुंबकीय पिकअपला कान नसतात. त्याला फक्त पोलादी तारेची हालचाल कळते. कागद हवेत खरखरतो, ती खरखर पिकअपपर्यंत पोहोचतच नाही; तारेची हालचाल कागदामुळे जेवढी मंदावते तेवढेच स्पीकरमध्ये येते. जॉन केज यांनी १९४० मध्ये नृत्याच्या एका कार्यक्रमासाठी, रंगमंचावर तालवाद्यांचा ताफा मावत नाही म्हणून, पियानोच्या तारांमध्ये वस्तू अडकवल्या, तेव्हा ऐकणारे कान समोरच बसलेले होते. आपल्याला कागदच हवा असेल, तर बझरमध्ये असते ती पितळी पायझो चकती (ती थेट कंप टिपते) वाद्याच्या पाठीला दुहेरी चिकटपट्टीने लावावी आणि तिला मिक्सरवर वेगळी वाट द्यावी.

आता जागेविषयी, कारण टॅपिंग वाद्यात सगळा खेळ जागेचा आहे. बोट जिथे आपटते तिथून घोडीपर्यंतचाच तुकडा वाजतो. बोटामागचा, नटाकडचा भाग ती मऊ पट्टी गप्प ठेवते. त्यामुळे लावायची वस्तू नेहमी बोट आणि घोडी यांच्या मध्ये हवी. शिवाय बोट सरकले की वाजणारी लांबी बदलते आणि वस्तू मात्र जागच्या जागी राहते. माझ्या वाद्याची मोकळी लांबी ८६.४ सेंटिमीटर आहे. चोविसावा पडदा घोडीपासून बरोबर पाव अंतरावर, म्हणजे २१.६ सेंटिमीटरवर येतो; तिथे खूण धरा. पाचव्या पडद्यावर वाजवले तर वाजणारी लांबी सुमारे ६४.८ उरते आणि तीच खूण एक-तृतीयांशावर येते. बाराव्या पडद्यावर लांबी ४३.२ उरते आणि खूण थेट मध्यावर येते. त्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा उभा चिरून तारेवर हलकेच बसवला, तर पाचव्या पडद्यावर वरच्या सप्तकातला पंचम निघतो आणि बाराव्यावर त्याच स्वराचे वरचे सप्तक. सातव्या पडद्यावर खूण तीन-अष्टमांशाशी पडते आणि नुसता पुसट ठोका उरतो. हे स्वर फार बारीक येतात, म्हणून बारीक आवाज उचलून धरणारा कॉम्प्रेसर लागतोच.

रबर हलके असते, ते निस्पंद बिंदू (तार जिथे हलत नाही त्या जागा) निवडते. घंटेसाठी मात्र वजन हवे. तारेच्या मध्ये कुठेही वजन अडकले की उपस्वर (मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर) पटीत राहत नाहीत, विस्कटतात, आणि तोच विस्कटलेपणा आपल्याला घंटा म्हणून ऐकू येतो. चाप ओढला गेला, कारण तो लोखंडी होता. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात टाकून दिलेली तांब्याची तार मिळते. तिचे चार-पाच वेढे जाड तारेवर घट्ट द्यावेत. तांबे चुंबकाला जुमानत नाही आणि गुंडाळीच्या तारेवरून (जिच्यावर बारीक तार वेढलेली असते अशा जाड तारेवरून) सहसा घसरतही नाही. गुळगुळीत तारेवर मात्र वेढ्यांखाली तीच रबरी नळी घालावी. दातेरी चाप तर मुळीच वापरू नयेत, त्यांनी गुंडाळी उसवते. वेढे जाड झाले, तर आपटताना ते पडद्यांना घासतील, कारण या वाद्याची तार फार खाली असते.

निपाणीचा_बेस यांचे उत्तर

हातमागाच्या ठोक्यासाठी स्पंज पुरे. जुन्या फेंडर बेस गिटारींच्या घोडीवरील धातूच्या झाकणाखाली असाच स्पंज बसवलेला असे. घोडीपासून एक-दोन सेंटिमीटरवर तारांखाली पट्टी सरकवावी. वरचे स्वर आधी मरतात, मूळ स्वराचा ठोका उरतो. स्टिकच्या जाड तारा मधोमध असल्याने सरळ पट्टीने कडेच्या बारीक तारा गुदमरतात आणि मधल्या मोकाट सुटतात, तेव्हा पट्टी होडीच्या तळासारखी, मध्ये जाड आणि कडांना पातळ, कापावी. खर्जाचा आणि सुरावटीचा आवाज स्टिकमधून वेगवेगळा बाहेर येतो. एका बाजूला स्पंज आणि दुसऱ्या बाजूला घंटा असे ठेवता येईल. चिकटपट्टी तारेला लावू नका, तिचा गोंद गुंडाळीत जाऊन बसतो.

शहापूरकर_दहातारी

सर्वांचा आभारी आहे. काल रात्री स्पंज खर्जाखाली होडीसारखा कापून बसवला आणि सुरावटीच्या चौथ्या व पाचव्या तारेवर तांब्याचे वेढे दिले. विणकर असलेल्या शेजाऱ्यांना ठोका ऐकवला. ते म्हणाले की फणी एकदाच आदळत नाही, आधी धोट्याचा (आडवा धागा नेणाऱ्या साधनाचा) सरकण्याचा आवाज येतो आणि मग ठोका. म्हणून आता डाव्या हाताने ठोक्याच्या आधी तारेवर नख ओढतो. गुंडाळीच्या तारेवर तो आवाज पुष्कळच धोट्यासारखा येतो. बँक कार्डाचा तिसरा तुकडा घासणे चालू आहे. पहिले दोन घाईत गेले.