अनुभव धागा: ई-सायकल शिकताना कुठं आपटलात?

दिवाळीत मुलाने ई-सायकल घेऊन दिली. चाळीस वर्षं साधी सायकल हाणलीय, म्हटलं हिला काय शिकायचं, आणि पहिल्याच दिवशी मेहरूण तलावाच्या रस्त्यावर जुन्या सवयीने डावा पाय पॅडलवर ठेवून टांग टाकायला गेलो तर मोटर लागली, सायकल पुढे न् मी खाली. गुडघा फुटला. चहावाला म्हणतो, "काका, घोडी नवी शे का?" आता आधी सीटवर बसतो, ब्रेक दाबून, मगच असिस्ट (मोटरची मदत) एकवर. तुमचंही लिहा, लाजू नका.

भुसावळ
काका, तुमच्यासारखाच पडलोय. स्वस्तातल्या सायकलीत सेन्सरला फक्त पॅडल फिरलं एवढंच कळतं, जोर किती लावला ते नाही, म्हणून पाय हलला की ढकलते आणि पाय थांबवला तरी क्षणभर ढकलतच राहते. ब्रेकच्या दांडीत स्विच असतो, दांडी थोडी दाबली की मोटर बंद. मी दांडी बदलून आणली तेव्हा मेकॅनिकने स्विचची वायर जोडलीच नव्हती, ते मला कळलं थेट रेल्वे फाटकापाशी, पुढे रिक्षा उभी! तेव्हापासून दर रविवारी स्टँडवर लावून मागचं चाक फिरवतो न् दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघतो.

यावल
आमच्याकडे केळीचे ट्रक. मागून हॉर्न आला की पोरं घाबरून साईडपट्टीवर उतरतात, उतरणं सोपं आहे भो, परत डांबरावर चढताना चाक तिरपं लागलं की कडेला घासतं आणि पंचवीस किलोची सायकल अंगावर येते. थांबायचं, ट्रक जाऊ द्यायचा, सरळ उचलून वर घ्यायची. आणि आरसा लावा, शंभर-दोनशे रुपयांत येतो.

नंदुरबार
मी आईला शिकवलं, वय ५८, सायकल शाळेत असताना सोडलेली. आठ दिवस मोटर बंदच ठेवली. सीट एवढी खाली की दोन्ही तळपाय टेकतील, मग जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर नुसतं पायाने ढकलत चालायचं, ब्रेक लावायचा, परत. मैदानावरची पोरं हसायची. नवव्या दिवशी असिस्ट लावला तर "व माय, हे तं मागून कोणी ढकलतंय" म्हणाली आणि खाली न पडता चक्क फेरी मारून आली. साडी मात्र नाही, पदर मागच्या चाकात जातो. पंजाबी ड्रेस, ओढणी गाठ मारून.

धुळे
मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या बॅटरी चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत गार होऊ द्या. दुसरं, लायसन-पासिंग लागत नाही ते २५० वॅटच्या आत आणि ताशी २५ च्या आत असेल तरच. मला दुकानदार म्हणाला वेग अडवणारी वायर काढून देतो, चाळीस पळेल. नको म्हटलं, ब्रेक तेच सायकलचे ना शेवटी.

जळगाव (धागाकर्ता)
भुसावळवाले भाऊ, तुमचं वाचून आत्ता स्टँडवर लावून बघितली. उजवा ब्रेक दाबला की मोटर बंद होते, डाव्याने होतच नाही. उद्या सकाळी हातात धरून चालतच दुकानात नेतोय.