कोकणातून शेंगेनचा टुरिस्ट व्हिसा: अनुभव धागा

शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. मुलांकडे जर्मनी-नेदरलँड्सला जाणारे आईबाबा आता आपल्याकडे गावोगाव आहेत. एजंटांच्या याद्या मात्र पगारदारांसाठी. बागायतदार, होडीवाले यांनी काय जोडायचं? ज्यांना माहीत आहे त्यांनी नेमकं लिहा. गजाली नंतर, आधी कागद.

रत्नागिरीहून

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने चालणारा, २ पानं कोरी. फोटो ३५ × ४५ मिमी. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. अर्ज प्रवासाआधी ६ महिन्यांपासून १५ दिवसांपर्यंत घेतात, पण १५ दिवसांवर ढकलू नका. निर्णय ४५ दिवसही लांबू शकतो. फी मोठ्यांना ९० युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. नकार आला तरी ती परत मिळत नाही. जास्त मुक्काम ज्या देशात, अर्ज त्याच्याकडे. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार तिथे.

देवगडहून

आंबा बागायतदारांची खरी अडचण बँक स्टेटमेंट. पैसे एप्रिल-मे-जूनमध्ये एकदम येतात. जानेवारीत अर्ज केलात तर मागचे काही महिने कोरडे दिसतात, जूनमध्ये केलात तर खात्यात अचानक मोठी रक्कम. दोन्हींवर संशय येतो. मागितलं नसलं तरी वर्षभराचं स्टेटमेंट द्या.

सोबत वाशी बाजारातल्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब. पट्टीत पेट्या, दर, मग हमाली, तोलाई, गाडीभाडं, कमिशन वजा होऊन खाली निव्वळ रक्कम असते. ती आणि स्टेटमेंटमधली जमा जुळली पाहिजे. दोन्हींवर पेन्सिलीने एकच क्रमांक घाला. हंगामाआधी उचल घेतली असेल तर ती जमा कर्जासारखी दिसते आणि पुढच्या पट्ट्यांतून वळती झाल्याने रकमा कमी येतात. दलालाचं दोन ओळींचं पत्र जोडलं की हिशेब सुटतो.

शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून बरेच जण आयकर रिटर्नच भरत नाहीत. व्हिसासाठी ते महागात पडतं. रिटर्नच्या आयटीआर-१ फॉर्ममध्ये शेतीचं उत्पन्न ५,००० रुपयांपर्यंतच चालतं, त्यापुढे आयटीआर-२. जाण्याचा विचार असेल तर दोन-तीन वर्षं आधीपासून भरा.

मालवणहून

होडीवाल्यांसाठी वरच्या दादांचंच लागू, फक्त महिने वेगळे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे त्या काळात जमा नाही. कव्हर लेटरमध्ये बंदीचं एक वाक्य घाला. तिकडच्या अधिकाऱ्याला हे कुठून कळणार? नौकेची नोंदणी आणि परवाना, दोन्हींचं इंग्रजी भाषांतर जोडा.

सावंतवाडीहून

बोटांचे ठसे! १२ वर्षांवरच्या सगळ्यांचे दहाही घेतात. काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांना टरफलाचं तेल लागून सालं निघतात, मशीनवर रेघाच उमटत नाहीत आणि पुन्हा बोलावणं येतं. नवी कातडी यायला दोन-तीन आठवडे द्या, मगच अपॉइंटमेंट. एकदा नीट उमटलेले ठसे ५९ महिने चालतात, तेवढ्या काळातल्या पुढच्या अर्जाला बहुतेक वेळा पुन्हा द्यावे लागत नाहीत.

गुहागरहून

सातबारा परत येण्याचा पुरावा म्हणून चांगला, पण आपल्याकडे एका उताऱ्यावर वीस नावं! आपल्या नावाखाली रेघ मारा, आठ-अ (आपल्या खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) जोडा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. तो मराठीत असतो, म्हणून भाषांतर हवंच, आणि त्यातलं नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे करून घ्या. भाषांतरकार हमखास वेगळं लिहितो.

मुलगा-मुलगी जर्मनीत असतील आणि खर्च तेच करणार असतील तर साधं आमंत्रणपत्र पुरत नाही. त्यांनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाचं अधिकृत हमीपत्र करायचं आणि मूळ प्रत कुरियरने पाठवायची, स्कॅन नव्हे.

मुंबईच्या व्हिसा केंद्रातली अपॉइंटमेंट सकाळी लवकरची घेऊ नका. कोकण रेल्वेच्या पावसाळी वेळापत्रकात रात्रीची गाडी कधी पोचेल याचा भरवसा नसतो.