दुर्मिळ मसल कारचे मोल: इंजिनाचे की आकड्याचे?

गतिप्रेमी (धागाकर्ता):
१९६० च्या दशकाच्या अखेरीस डेट्रॉइटच्या कंपन्यांनी काढलेल्या मसल कारच्या (म्हणजे मोठे, ताकदवान इंजिन बसवलेल्या अमेरिकी गाड्यांच्या) मोजक्या, अतिशक्तिशाली आवृत्त्यांना आज जो भाव येतो, तो त्यांच्या अभियांत्रिकीला नसून त्या काळी त्या खपल्या नाहीत या वस्तुस्थितीला येतो, असे माझे मत आहे. १९६९ ची शेव्हरोले कॅमारो झेडएल-१ घ्या. संपूर्ण ॲल्युमिनियमचे ४२७ घनइंची, म्हणजे सात लिटरचे इंजिन. कागदावर ४३० अश्वशक्ती, प्रत्यक्षात ५०० च्या वर. मात्र एकट्या इंजिनापोटी ४,००० डॉलरहून अधिक मोजावे लागत असल्याने गाडी ७,२०० डॉलरच्या घरात गेली आणि तेवढ्या पैशांत दोन साध्या कॅमारो येत होत्या. इलिनॉयमधील ला हार्प या छोट्या गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी ५० गाड्या मागवल्या होत्या. त्यांतल्या बहुतेक त्यांना कंपनीकडे परत पाठवाव्या लागल्या. झेडएल-१ एकूण ६९ च बनल्या. क्रायस्लरच्या प्लिमथ ब्रँडची, ‘हेमी’ (अर्धगोल दहनकक्षांचे) इंजिन असलेली १९७१ ची हेमी कूडा कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडझाप छताची गाडी, तर अवघी ११ निघाली, कारण विम्याचे हप्ते तोवर इतके चढले होते की तरुण गिऱ्हाईक शोरूमकडे फिरकेना. त्या ११ पैकी एक २०१४ च्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. बाजाराने ज्यांना नाकारले, त्यांनाच आपण आता देव्हाऱ्यात बसवतो आहोत.

माजी मेकॅनिक:
असहमत. या गाड्यांपैकी काही मुळात खपण्यासाठी बनलेल्याच नव्हत्या, त्यामुळे ‘खपल्या नाहीत’ हा आरोप त्यांना लागूच होत नाही. १९६४ च्या डेटोना ५०० शर्यतीत क्रायस्लरच्या ४२६ हेमी इंजिनाने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले, तेव्हा ते सामान्य ग्राहकाला मिळत नाही या कारणावरून नॅसकारने, म्हणजे या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने, त्याला अटकाव केला. १९६६ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांत हेमी आले ते त्यामुळेच. पुढे लांबट नाक आणि मागे उंच पंख असलेली १९६९ ची डॉज (क्रायस्लरचाच ब्रँड) चार्जर डेटोना ही गाडी ५०० च्या आसपास बनली, कारण शर्यतीत उतरायला नॅसकारच्या नियमाने अशा किमान ५०० गाड्या बनवाव्या लागत. १९७० साठी नियम कडक झाला, म्हणून तशाच नाक-पंखांच्या प्लिमथ सुपरबर्ड १,९०० हून अधिक निघाल्या. फोर्डकडे गेलेला शर्यतपटू रिचर्ड पेटी प्लिमथकडे परतला तो या सुपरबर्डमुळे, आणि मार्च १९७० मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर चालक बडी बेकरने चार्जर डेटोना ताशी २०० मैलांपलीकडे नेली. काही विक्रेत्यांनी पडून राहिलेल्या सुपरबर्डचे नाक आणि पंख उतरवून त्या विकल्या हे खरे. पण गाडीने तिचे काम तोवर शर्यतीत केले होते.

गतिप्रेमी:
शर्यतीचा इतिहास मी नाकारत नाही. पण मग एका प्रश्नाचे उत्तर द्या. १९७१ च्या छप्पर असलेल्या हेमी कूडात तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स आणि तेच सस्पेन्शन आहे. शर्यतीच्या दृष्टीने तर पक्के छप्परच बरे, कारण सांगाडा अधिक ताठ राहतो. तरीही अशा शंभराहून थोड्याच अधिक बनलेल्या गाडीची किंमत कन्व्हर्टिबलच्या जवळपासही का पोहोचत नाही? मधला फरक यंत्राचा नाही, आकड्याचा आहे.

तिरकस:
मी आणखी पुढे जातो. मोल अनुभवाचे असेल, तर साध्या बाराकुडात (कूडा ही तिचीच आवृत्ती) हेमी बसवून केलेली हुबेहूब प्रतिकृती तितकीच मोलाची मानायला हवी. तशी ती मानत नाहीत, कारण प्लिमथच्या चासी क्रमांकातले पाचवे अक्षर ‘आर’ असले तरच ती जन्मतः हेमी ठरते. त्याच काळातल्या कॅमारोचा क्रमांक तर एवढेच सांगतो की इंजिन व्ही-८ आहे. कोणते, ते कळायला इंजिनावर ठोकलेले शिक्के आणि जुनी कागदपत्रे चाळावी लागतात. लोक गाडी विकत घेत नाहीत, सातबारा विकत घेतात.

वुडवर्डकर:
मी मिशिगनमध्ये राहतो आणि दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइट परिसरातल्या वुडवर्ड ॲव्हेन्यू या रस्त्यावर या गाड्या धावताना पाहतो. अस्सल आणि प्रतिकृती दोन्ही. आवाजात मला फरक कळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तरीही तिरकस यांच्याशी मी सहमत नाही. फोर्डच्या मस्टँग बॉस ४२९ चे इंजिन इतके रुंद होते की ते गाडीच्या पुढच्या भागात मावेना. मिशिगनमधल्याच ब्रायटन येथील कार क्राफ्ट या कार्यशाळेत सस्पेन्शनचे टॉवर बदलून, बॅटरी मागे डिकीत नेऊन ते बसवावे लागले. सुपरबर्डला नवी मागची काच बसवताना जे सांधे उरले, ते घासून गुळगुळीत करायचा वेळ आणि खर्च वाचावा म्हणून सगळ्या सुपरबर्डना व्हिनाइलचे छत चिकटवले गेले. ही घाई आणि जुगाड म्हणजेच १९६९-७० या दोन वर्षांचा पुरावा आहे. प्रतिकृती करणारा ते छत चिकटवतो, पण त्याच्यापाशी झाकायला काही नसते.

तिरकस:
मान्य, पण मग तो पुरावा संग्रहालयात ठेवा आणि त्याला पुराव्याची किंमत द्या. वेगाच्या नावाखाली ३५ लाख डॉलर मोजून गाडी हवाबंद गॅरेजमध्ये उभी करणाऱ्यांनी निदान ‘कामगिरी’ हा शब्द वापरू नये.

माजी मेकॅनिक:
तो शब्द गाडीसाठी आहे, मालकासाठी नाही.